राजापर्यंत न पोहोचलेला अर्ज

मेलबर्नच्या एल्स्टर्नविक उपनगरात ज्यू संहाराच्या आठवणी जपणारे एक संग्रहालय आहे. हिटलरच्या छळातून वाचून ऑस्ट्रेलियात आसऱ्याला आलेल्या माणसांनी १९८४ मध्ये ते स्वतःच्या हिमतीवर उभे केले. त्याच संग्रहालयात २००२ मध्ये एक स्मृतिफलक बसवण्यात आला. नाझी सरकारने जर्मनीत ज्यूंचा जो छळ मांडला होता, त्याचा १९३८ मध्ये निषेध केल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचा या फलकाने गौरव केला आहे.

१९३८ साली या मूलनिवासींची स्वतःची अवस्था काय होती? बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता. देशाच्या राज्यघटनेतच तरतूद होती की लोकसंख्या मोजताना त्यांना धरायचे नाही. कुठे राहायचे, कुठे काम करायचे, पोटची मुले जवळ ठेवायची की नाही, हे सरकारी मंडळे ठरवत. अशा लोकांनी हजारो मैलांवरच्या परक्या समाजासाठी जर्मन वकिलातीचे दार ठोठावले. त्यांचे पुढारी होते विल्यम कूपर. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुष्कळ पुढे गेलेले होते.

वकिलातीत जाण्याचा ६ डिसेंबर १९३८ हा दिवस कूपर यांच्या बाकीच्या आयुष्यापासून तोडून पाहिला, तर हाती एक गोड गोष्ट लागते. मोठ्या मनाच्या एका म्हाताऱ्याने दुसऱ्यांसाठी केलेला परोपकार, एवढेच तिचे रूप उरते. मला हे वाचन अपुरे वाटते. वकिलातीच्या दाराशी नेलेला तो ठराव म्हणजे कूपर यांनी जन्मभर लिहिलेल्या अर्जांपैकीच एक होता. त्याची किंमत कळायची असेल तर आधीचे अर्ज माहीत हवेत आणि त्यांचे पुढे काय झाले, हेही माहीत हवे.

कूपर यांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. मरे आणि गोलबर्न या नद्यांच्या संगमाभोवतीचा मुलूख योर्टा योर्टा लोकांचा. पाणथळ जमीन, मासे, पाणपक्षी आणि रेड गम जातीच्या निलगिरीची दाट राने असा तो संपन्न प्रदेश होता. १८४० च्या आसपास गोरे वसाहतवाले मेंढ्यांचे कळप घेऊन तिथे शिरले. एका पिढीच्या आत रोगराईने आणि बंदुकीने माणसे विरळ झाली आणि नदीकाठाला कुंपणे पडली. कूपर यांची आई किटी योर्टा योर्टा, तर वडील गोरे मजूर. पोरवयातच हा मुलगा जॉन ओशॅनासी या बड्या जमीनदाराच्या चाकरीला लागला. हे ओशॅनासी व्हिक्टोरियाचे प्रीमियरही होऊन गेलेले. त्यांच्या मेलबर्नच्या वाड्यावर छोट्या विल्यमने घोडागाडी हाकण्याचे काम केले.

१८७४ च्या ऑगस्टमध्ये आई आणि भावंडांसह तो मरेकाठच्या मलोगा मिशनमध्ये आला. मिशन चालवणारे डॅनियल मॅथ्यूज रोजनिशी लिहीत. नव्या मुलाला शाळेत येऊन तीन दिवसही झाले नाहीत, तोच त्याला लहान-मोठी सगळी अक्षरे येऊ लागली, अशी कौतुकाची नोंद त्यांनी केली आहे. हीच अक्षरे पुढे या माणसाचे हत्यार झाली.

त्या हत्याराला धार लावणारा माणूस मूळचा भारतीय वंशाचा होता. थॉमस शॅड्रक जेम्स यांचा जन्म १८५९ चा, मॉरिशसमधला. आईवडील भारतीय. उसाच्या मळ्यांसाठी भारतातून माणसे भरभरून मॉरिशसला गेली, तो हा काळ. जेम्स तिथून ऑस्ट्रेलियात आले आणि १८८१ मध्ये मॅथ्यूजना भेटून मलोगाच्या शाळेत शिकवायला लागले. पुढे कूपर यांच्या बहिणीशी, एडाशी, त्यांनी लग्न केले आणि सुमारे चाळीस वर्षे त्याच समाजात मास्तरकी केली. दिवसा मुले शिकत, रात्री थोरांचे वर्ग भरत. वाचन, लेखन, वक्तृत्व आणि बायबलातली न्यायाची भाषा हे सारे त्यांनी शिकवले. सर डग निकल्स, मार्गारेट टकर, जॅक पॅटन, बिल ओनस ही पुढच्या काळातल्या चळवळीची नावे मलोगा आणि नंतरच्या कमरागुंजा या वस्तीतल्या याच परंपरेतून आली. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींच्या राजकीय जागृतीच्या मुळाशी असा एक भारतीय वंशाचा मास्तर उभा आहे. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाच्या कानावर नाही, याची मला खंत वाटते.

१८८१ मध्येच मलोगाच्या बेचाळीस पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला. आमच्या हद्दीतली सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्यांनी घेतली, आमची शिकार संपली. आता आम्हाला शेती करायला, गुरे पाळायला थोडी जमीन द्या, एवढेच मागणे होते. हा अर्ज लक्षात ठेवावा. तब्बल एकशे वीस वर्षांनी तो न्यायालयात पुन्हा उघडला जाणार होता.

सरकारने मलोगापासून जवळच अठराशे एकर जागा राखून दिली. १८८८ मध्ये वस्ती तिकडे हलली आणि कमरागुंजा हे गाव उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी पुन्हा एक अर्ज गेला होता. ज्यांना शेती करायची हौस आणि ताकद आहे, त्यांना कुटुंबागणिक निदान शंभर एकर तरी स्वतःच्या नावावर द्या, अशी त्यात विनंती होती. कूपर यांनीही त्या वर्षी आपल्या भागाच्या आमदाराला पत्र लिहिले. एका अफाट मुलखातला एक छोटा तुकडा मागताना तो सारा मुलूख देवाने आम्हालाच दिलेला आहे, असे त्यांनी त्यात बजावले. काही कुटुंबांना लहान तुकडे मिळाले. त्यांनी रान साफ केले, गहू पिकवला. जमीन कसदार झाली आणि १९०७ मध्ये मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाने ते तुकडे परत घेतले. १९०९ च्या कायद्याने मंडळाचा हात आणखी लांब झाला. कोणाला वस्तीतून हाकलायचे आणि कोणाची मुले उचलून न्यायची, हे ते ठरवू लागले.

कूपर यांची मधली वर्षे कष्टात गेली. मेंढ्यांची लोकर कातरणे, घोडे वठणीवर आणणे, शेतावर पडेल ते काम करणे. मजुरांच्या संघटनेशी त्यांचा संबंध आला आणि चळवळ कशी बांधायची हे ते तिथे शिकले. दोन बायका गेल्या. मुलगा डॅनियल पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्यातून लढायला गेला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर पडला. दुसरा मुलगा लिंच धावपटू निघाला. स्टॉवेल गिफ्ट ही ऑस्ट्रेलियातली नामांकित शर्यत त्याने १९२८ मध्ये जिंकली.

१९३० नंतरच्या मंदीत मूलनिवासींचे हाल आणखी वाढले. वस्तीत राहणाऱ्या मूलनिवासीला म्हातारपणाचे पेन्शन मिळत नसे. बाहेर पडले तरच हक्क लागू. म्हणून १९३३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कूपर यांनी जन्मभूमी सोडली आणि मेलबर्नच्या फुट्सक्रे या कामगारवस्तीत बिऱ्हाड केले. ज्या वयात माणूस ओसरीवर बसतो, त्या वयात त्यांचे खरे काम सुरू झाले. त्यांचा नातू आल्फ टर्नर लहानपणी आजोबांकडे राहत असे. रात्री दिव्याच्या उजेडात टेबलाशी बसून पत्रे लिहिणारे आजोबा त्याच्या डोळ्यांसमोर कायम राहिले. मंत्री, खासदार, वृत्तपत्रे, चर्च, कोणालाही त्यांनी सोडले नाही. तुटपुंज्या पेन्शनमधून कागद आणि तिकिटे येत. भोवती जमलेल्या माणसांतून ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनीज लीग ही संस्था आकाराला आली, आणि तिचे सचिव कूपर होते.

त्यांच्या पत्रव्यवहारातला सर्वांत मोठा कागद म्हणजे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याच्या नावे काढलेला अर्ज. मागण्या तीन होत्या. आमच्या वंशाचा नायनाट थांबवा. आम्हा सगळ्यांना माणसासारखे जगू द्या. आणि संसदेत आमचा एक प्रतिनिधी बसू द्या. न्यूझीलंडच्या संसदेत माओरींसाठी १८६७ पासून राखीव जागा होत्या, तो दाखला कूपर यांच्यासमोर होता. वसाहती स्थापताना ब्रिटिश राजसत्तेने मूळ रहिवाशांची काळजी घेण्याची जबाबदारी पत्करली होती, तेव्हा राजानेच आता ती निभवावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशभर विखुरलेल्या, पोलीस आणि वस्तीच्या मॅनेजरांच्या धाकात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी सह्या गोळा केल्या. एकूण सह्या भरल्या १,८१४.

आपल्याकडे मवाळांच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाला जहालांनी 'भिक्षांदेही' म्हणून हिणवले होते. कूपर यांचे कागद वाचताना तो शब्द लावायला जीभ वळत नाही. ज्याच्या पाठीशी मत नाही, पैसा नाही, संख्याबळ नाही, ज्याचा समाज मरणपंथाला लागला आहे असे विद्वानही उघडपणे लिहीत आहेत, तो माणूस राजाला उद्देशून लिहितो, तेव्हा 'मी तुमच्या बरोबरीचा माणूस आहे' हेच तो लेखी मांडत असतो. त्यांच्या पत्रांत नम्रता आहे. पण कोणत्याच पत्रात ते गयावया करत नाहीत.

१९३७ मध्ये तो अर्ज पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या सरकारकडे गेला. तोवर पाचवा जॉर्ज निवर्तला होता आणि गादीवर सहावा जॉर्ज होता. उत्तराची वाट पाहत असतानाच २६ जानेवारी १९३८ उजाडली. गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली म्हणून सिडनीत मिरवणुका निघाल्या. मूलनिवासींनी मात्र तो दिवस सुतकाचा दिवस म्हणून पाळायचे ठरवले. ही कल्पना कूपर यांच्या लीगने आणि सिडनीच्या जॅक पॅटन व विल्यम फर्ग्युसन यांच्या संघटनेने मिळून राबवली. एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये शंभरएक माणसे जमली. प्रवेश फक्त मूलनिवासींना होता आणि सभागृहात त्यांना मागच्या दाराने जावे लागले. कूपर मेलबर्नहून आपल्या साथीदारांसह आले होते. चार-पाच दिवसांनी शिष्टमंडळ पंतप्रधानांना भेटले. नंतर काही आठवड्यांतच मंत्रिमंडळाने ठरवले की हा अर्ज राजाकडे पाठवून उपयोग नाही. १,८१४ सह्यांचा तो कागद लंडनच्या वाटेला लागलाच नाही, आणि सह्यांसकट त्याची मूळ प्रत पुढे सापडली नाही.

त्याच वर्षी जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ज्यू निर्वासितांचे काय करायचे, यावर देशोदेशींचे प्रतिनिधी जमले. ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी टी. डब्ल्यू. व्हाइट यांनी तिथे सांगितले की आमच्या देशात वंशाचा म्हणावा असा प्रश्नच नाही आणि तो आयात करायची आमची इच्छाही नाही. सहाच महिन्यांपूर्वी सिडनीत सुतक पाळणारे लोक या विधानाच्या हिशेबात कुठेच नव्हते. मग ९ नोव्हेंबरची रात्र आली. जर्मनी आणि ऑस्ट्रियात शेकडो सिनेगॉग पेटवले गेले, हजारो ज्यूंची दुकाने फोडली गेली, सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून छावण्यांत डांबले. बातम्या मेलबर्नच्या वृत्तपत्रांत आल्या. फुट्सक्रेमध्ये लीगची बैठक भरली आणि ठराव झाला.

६ डिसेंबर १९३८ रोजी लीगचे शिष्टमंडळ शहराच्या मध्यभागी कॉलिन्स स्ट्रीटवर असलेल्या जर्मन वकिलातीत गेले. ठरावाचा मजकूर थोडक्यात असा होता: ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींच्या वतीने आम्ही नाझी सरकारने चालवलेल्या ज्यूंच्या क्रूर छळाचा तीव्र निषेध करतो आणि हा छळ थांबवावा अशी मागणी करतो. वाणिज्यदूत डॉ. ड्रेक्सलर यांनी शिष्टमंडळाला आत घेतले नाही. दुसऱ्या दिवशी 'आर्गस' या दैनिकात छोटी बातमी छापून आली. शिष्टमंडळाला प्रवेश नाकारला, एवढीच ती हकिगत. फुट्सक्रेहून ही मंडळी पायी निघाली आणि पुढे स्वतः कूपर होते, असे कुटुंबाच्या आठवणीत आहे. इतिहासकारांत यावर वाद आहे. बेन ॲटवुड यांच्यासारख्या अभ्यासकाने या कथेला पुढे चढलेल्या रंगाबद्दल शंका घेतल्या आहेत. म्हातारे कूपर किती पावले चालले हा मुद्दा माझ्या लेखी गौण आहे. ठराव लीगचा होता, लीग कूपर यांची होती आणि दार बंद राहिले, यात वाद नाही.

ॲटवुड यांचे दुसरे म्हणणे मात्र मला मोलाचे वाटते. ज्यूंच्या बाजूने बोलताना कूपर आपल्या माणसांबद्दलही बोलत होते. त्याच डिसेंबरात त्यांनी मंत्री जॉन मॅकइवेन यांना लिहिले की हिटलर ज्यूंना जसे वागवतो त्याचा आम्हा सर्वांना संताप आहे. पण इथे आमच्या वाट्यालाही तीच वागणूक येते आहे, याचा विचार व्हावा. यामुळे ६ डिसेंबरचे मोल कमी होते असे काहींना वाटते. मला उलट वाटते. दुसऱ्याचे दुःख त्यांना लांबून बघून उमगले नव्हते. घरे, जमिनी, मुले हिसकावली जाणे म्हणजे काय, हे त्यांच्या अंगावरचे होते. आपल्या आणि परक्यांच्या छळाला एकाच मापाने मोजणारा माणूस त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मंत्रिमंडळात सापडला नाही, तो फुट्सक्रेच्या एका भाड्याच्या घरात होता.

जानेवारी १९३९ मध्ये मॅकइवेन यांनाच आणखी एक पत्र गेले. नवे युद्ध दिसू लागले होते. रणांगणावर पोरगा गमावलेल्या बापाने त्यात लिहिले की ज्या माणसाला या देशात दर्जा नाही, हक्क नाही, जमीन नाही, त्याने लढायचे कशासाठी? आधी हक्क द्या, मग सैन्यात बोलवा. कूपर यांच्या पत्रांत इतके कडवट पत्र दुसरे क्वचितच असेल.

महिनाभरात, ४ फेब्रुवारीला, कमरागुंजाच्या शेदोनशे माणसांनी मॅनेजरच्या जाचाला कंटाळून बिस्तरा गुंडाळला आणि मरे नदी ओलांडून ती व्हिक्टोरियाच्या काठावर तळ ठोकून बसली. कूपर मेलबर्नहून पत्रे लिहीत राहिले, मदत जमवत राहिले. शिबिर महिनोन्‌महिने चालले. बरीच कुटुंबे पुढे शेपर्टन आणि मूरूपना या गावांजवळच्या नदीकाठच्या पडीक जागेत झोपड्या घालून राहिली. १९४० च्या अखेरीस थकलेले कूपर आपल्या मुलखात, बार्मा इथे परतले. २९ मार्च १९४१ रोजी मूरूपनाच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. दफन कमरागुंजाला झाले. संसदेत जागा नाही, जमीन नाही, अर्जाला उत्तर नाही, अशा स्थितीत ते गेले. मागे राहिली ती माणसे. डग निकल्स १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मूलनिवासींना जनगणनेत धरायला आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करू द्यायला कौल दिला.

एल्स्टर्नविकचा फलक लागल्यानंतर सन्मानांची रीघ लागली. २००९ मध्ये जेरुसलेमजवळच्या वनात कूपर यांच्या स्मरणार्थ झाडे लावली गेली. २०१० मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या स्मारकसंस्थेने ज्यू संहारातल्या प्रतिकाराच्या अभ्यासासाठी त्यांच्या सन्मानार्थ अध्यासन निर्माण केले. त्याच वर्षी मेलबर्नच्या एका न्यायालयाच्या इमारतीला आणि फुट्सक्रे स्थानकाच्या पादचारी पुलाला त्यांचे नाव मिळाले. २०१२ च्या ६ डिसेंबरला नातू आल्फ टर्नर त्या निषेधाचे पत्र घेऊन फुट्सक्रेहून निघाले. या वेळी जर्मनीच्या प्रतिनिधीने पत्र हातात घेतले. २०२० मध्ये जर्मन सरकारचे अधिकारी फेलिक्स क्लाइन यांनी तो ठराव नाकारल्याबद्दल कुटुंबाची रीतसर माफी मागितली.

हे सगळे योग्यच झाले. पण फलक लागला त्याच २००२ सालच्या डिसेंबरात कॅनबेरात एक निकाल लागला, तो या सन्मानांच्या यादीशेजारी ठेवून वाचायला हवा. योर्टा योर्टा लोकांनी आपल्या परंपरागत जमिनीवर आणि पाण्यावर हक्क सांगणारा दावा लावला होता. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळला. परंपरा तुटल्या, म्हणून हक्कही उरला नाही, असे त्यांचे मत होते. या मताला त्यांनी पुरावा कोणता घेतला? १८८१ चा तो बेचाळीस सह्यांचा अर्ज. आमची जमीन गेली, आता आम्हाला शेती करू द्या, असे या लोकांनी स्वतःच लिहून दिले होते. त्याअर्थी तेव्हाच जुने आचार संपले होते, असा अर्थ लावला गेला. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा मतांनी तो निकाल कायम ठेवला. पोटासाठी मागितलेला जमिनीचा तुकडा मागणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांविरुद्ध साक्षीला उभा केला गेला. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो आणि त्याच वर्षीच्या त्या फलकामुळे तो अधिकच बोचतो. परक्यांसाठी केलेल्या कागदाला मान मिळाला, स्वतःसाठी केलेल्या कागदाचा फास झाला.

राजाच्या नावे काढलेल्या अर्जाची प्रत २०१४ मध्ये आल्फ टर्नर यांनी गव्हर्नर जनरल पीटर कॉसग्रोव्ह यांच्याकडे दिली आणि ती राणी एलिझाबेथकडे पाठवण्यात आली. २०१८ मध्ये मेलबर्नमधल्या 'बॅटमन' मतदारसंघाचे नाव बदलून 'कूपर' करण्यात आले. जॉन बॅटमन हे मेलबर्नच्या स्थापनेतले नाव. टास्मानियात मूलनिवासींच्या शिकारीसाठी निघालेल्या टोळ्यांत ते होते. अशा रीतीने ज्यांना संसदेसाठी एक जागा नाकारली गेली, त्यांचे नाव संसदेतल्या एका जागेला लागले. पण कूपर यांची मागणी नावाची नव्हती. मूलनिवासींचा आवाज संसदेपर्यंत पोहोचवणारी सल्लागार संस्था घटनेत असावी की नाही, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी देशभर सार्वमत झाले. सहाच्या सहा राज्यांनी नकार दिला. कूपर मतदारसंघातल्या बहुसंख्य मतदारांनी होकार दिला होता.